दोऱ्याची खाच

काचेमागे ठेवलेल्या त्या बाईचा पुढचा दात तिनं पाहिला आणि तिची जीभ आपोआप स्वतःच्या दातावर गेली. ही तिची जुनी खोड. कुणी रस्त्यात भेटो, दुकानात भेटो, तिला आधी दात दिसायचे आणि मग त्यांच्यामागून सावकाश माणूस यायचा. इथं माणूस यायचा प्रश्नच नव्हता. नुसती कवटी होती, खालचा जबडा शेजारी निराळा मांडलेला, वरून पिवळट दिवा, आणि पाटीवर लिहिलेलं: स्त्री, वय अंदाजे चाळीस, काही हजार वर्षांपूर्वीची. वरचे मधले दोन दात शाबूत होते. त्यांतल्या डाव्या दाताच्या कडेला एक बारीक खाच होती, गोलसर, गुळगुळीत. तुटलेल्या दाताची कड अशी नसते, ती खरखरीत असते. ही खाच एका दणक्यात पडलेली नव्हती; ती रोज थोडी थोडी, वर्षानुवर्षं घासून झालेली होती. पाटीवरही तेच होतं, की ही झीज बहुधा दातात तंतू धरण्याच्या कामामुळे झाली असावी. पाटी लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलं होतं. पण तिला पाटी वाचायची गरज पडली नाही, कारण ही खाच तिनं आधी पाहिली होती. पाहिली काय, स्वतःच्या हातानं कोरली होती. मागच्या बाकावर तिची आई गुडघा चोळत बसली होती, तिच्या तोंडात.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तिचं भरलं होतं. तिचं, आईचं, आणि शिकून परगावी नोकरीला लागेपर्यंत लेकीचंही. नवरा लवकर गेला, आणि दातांच्या लॅबमध्ये कामाला लागली तेव्हा तिला कवळी म्हणजे पाण्याच्या पेल्यात रात्री बुडवून ठेवायची भीतिदायक वस्तू, एवढंच ठाऊक होतं. मग हळूहळू हात बसला. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे, त्यांत प्लॅस्टर ओतायचं, त्या पांढऱ्या हिरड्यांवर गुलाबी मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात रोवत जायचा. बर्नरवर तापवलेली छोटी सुरी मेणावर टेकली की फस्स असा अगदी बारीक आवाज व्हायचा आणि गोडसर वास यायचा. तो वास तिच्या केसांत, पदरात, डब्याच्या झाकणात इतका मुरला होता, की लेक लहानपणी म्हणायची, आई, तुला मेणबत्तीसारखा वास येतो. लॅबमध्ये सगळे तिला मेणबाई म्हणत. उजव्या अंगठ्यावर चटक्यांची एक वाटोळी, टणक जागा झाली होती. विचारात असली की ती तिथं तर्जनी घासत बसे. आत्ताही घासत होती.

विचारात असण्याचं कारण शुक्रवारचं. लॅबचे मालक, म्हणजे मोठ्या डॉक्टरांचा मुलगा, ज्याला सगळे छोटे डॉक्टर म्हणत, त्यानं सगळ्यांना नव्या यंत्राभोवती उभं केलं होतं. यंत्र कपाटाएवढं, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. वर्ष नवीन आहे, यंत्र नवीन आहे, तो म्हणाला, तर प्रत्येकानं या वर्षाचं एक वैयक्तिक उद्दिष्ट ठरवून सोमवारी एका वाक्यात सगळ्यांसमोर सांगायचं. लोक हसले. पॉलिशवाला म्हणाला, माझं ठरलेलंच आहे, सिगारेट सोडणार, दर वर्षी सोडतो. तिलाही हसू आलं होतं. पण नंतर छोट्या डॉक्टरनं तिला बाजूला घेतलं आणि फार आदरानं, खुर्ची पुढे सरकवून, सांगितलं, की मेणाचं काम आता थोडेच महिने. पुढे सगळं पडद्यावर आखायचं आणि यंत्र दात कापून देणार. तिनं शिकायचं ठरवलं तर आनंदच आहे. पण या वयात उगाच डोक्याला ताप नको वाटला तर तेही समजण्यासारखं आहे. आपण तुम्हाला छान निरोप देऊ, तो म्हणाला, आणि तुमच्या सुऱ्या, तो बर्नर, सगळं बाहेर स्वागतकक्षात काचेच्या कपाटात ठेवू. आठवण म्हणून. पोरगा मनानं वाईट नव्हता. त्याचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. त्यानं हे सगळं मान द्यायचा म्हणूनच म्हटलं होतं, आणि म्हणूनच तिला उलटून काही बोलता आलं नाही. दातखीळ बसली. दुसऱ्यांच्या दातांत आयुष्य गेलेल्या बाईची दातखीळ बसावी यात खरं तर गंमत होती, पण ती गंमत तिला घरी पोचेपर्यंत सुचली नाही.

शनिवारभर ती उद्दिष्ट शोधत होती. भांडी घासताना, खिडक्या पुसताना. तिच्या लक्षात आलं, की आपल्याला वर्ष असं कधी नव्हतंच. गुरुवारची कवळी असायची, मंगळवारची असायची. एका म्हातारबाबांना नातीच्या लग्नाआधी हसता यायला हवं, अशी मुदत असायची. लोकांच्या तोंडाच्या मुदतींवर तिची वर्षं पुढे सरकली होती. यंत्र शिकायचं म्हटलं तर समोर दिसायचं: विशी-पंचविशीतली पोरं शेजारून झरझर बोटं चालवणार आणि आपण उंदीर पकडल्यासारखा तो माउस पकडून बसणार. निरोप घ्यायचा म्हटलं तर त्याहून वाईट. तिला ते कपाट दिसायचं. काचेमागे तिची सुरी, तिच्या बोटांच्या घामानं काळी झालेली मूठ, खाली छोटीशी पाटी. पेशंट आपली पाळी येईपर्यंत तिच्याकडे बघत जांभया देतील.

आईला मात्र वर्ष होतं. आई शिवणकाम करणारी. तिच्या दुकानाचा एक नियम होता, की वर्षाचं पहिलं शिवण स्वतःचं. गिऱ्हाइकं कितीही खोळंबोत, पहिल्या आठवड्यात आई स्वतःसाठी काहीतरी बेतायची, एखादं जाकीट, एखादा झगा, कधी नुसती उशी, आणि ते पुरं झाल्यावरच दुसऱ्याचं कापड कातरायची. आधी स्वतःचं माप घ्यावं, म्हणजे दुसऱ्याचं चुकत नाही, हे तिचं म्हणणं. दुकान बंद होऊन जमाना झाला, नजर अधू झाली, हाताला कंप आला, तरी हा नेम सुटला नव्हता. या वर्षी निळं जाकीट चाललं होतं. शनिवारी दुपारी तिचा चेहरा बघून आई जाकिटावरून मान न उचलता म्हणाली, की तुझं ठरत नसेल तर माझं ऐक, माझं ठरलंय. मला ते म्युझियम आतून बघायचंय. कापडाची गाठोडी घेऊन ती सगळा जन्म त्या इमारतीवरून ये-जा करत होती. पायऱ्यांवर टेकून कितीदा दम खाल्ला होता, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. कामाला निघालेल्या माणसाला इतिहास बघायला सवड कुठली? आता सवड होती आणि गुडघे नव्हते. उद्याच जाऊ, आई म्हणाली, पुढच्या वर्षाचं कुणी सांगावं.

तर रविवारी दोघी आल्या होत्या. मोठमोठी दालनं, पावलांचा आवाज उगाच मोठा करणारी फरशी, थंड, कोंदट वास. आई एका राजाच्या अंगरख्यापुढे बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, घाईत शिवलाय. तिला मात्र काहीच धड दिसत नव्हतं. एका लांब कपाटात जुनी हत्यारं मांडली होती, कुंभाराची खुरपी, चांभाराची आरी, हाडाच्या सुया, आणि त्यांत एक चपटी सुरी अशी होती, की तिनं नकळत उजवा हात पुढे केला. मूठ त्याच जागी झिजलेली. अंगठा टेकायचा तिथं खोलगट. ज्याची ती सुरी होती त्यालाही कुणीतरी एका शुक्रवारी बाजूला घेऊन खुर्ची पुढे केली असेल का? घरी जाऊन तो काय म्हणाला असेल? तिला एकदम दालन फार मोठं वाटायला लागलं आणि बाहेर उन्हात जावंसं वाटलं. ती दाराकडे वळली आणि तिथंच, कोपऱ्यातल्या काचेत, तिला ती बाई भेटली होती, खाच असलेली.

आईची खाच तशीच होती. कात्री कापडाची, दोरा दाताचा, हा आईचा दुसरा नियम. टाका पुरा झाला की ती कापड तोंडाशी न्यायची, मान किंचित डावीकडे, आणि टक्. लहानपणी पलीकडच्या खोलीत अभ्यास करताना तिला तो टक् ऐकू यायचा आणि आई आहे, असं वाटायचं. त्या खाचेतून आई शीळही वाजवायची, रागावली की. मग दात हलायला लागले, पडले, आणि तिनं आईसाठी कवळी केली. त्या वेळेपर्यंत तिचा हात इतका तयार झाला होता, की मोठे डॉक्टर अवघड तोंडं तिच्याच टेबलावर पाठवत. आईच्या कवळीत तिनं जीव ओतला. पुढचे दात एका ओळीत, एका उंचीचे, मोत्यासारखे. आईनं कवळी बसवली, आरशात बघितलं, छान आहे म्हणाली आणि शिवायला बसली. टाका झाला. कापड तोंडाशी गेलं, मान डावीकडे झाली, आणि दोरा सुळकन घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला. आईनं कवळी काढून मशीनच्या फळीवर ठेवली.

"सुंदर आहेत," ती म्हणाली, "पण हे दात कुणाचे?"

तिला तेव्हा किती राग आला होता. इतकं निगुतीनं केलेलं काम. सवय होईल म्हणून तिनं दाताच्या कण्या केल्या, पण आई जेवताना कवळी घालायची आणि शिवताना काढून ठेवायची, बोळक्या तोंडानं दोऱ्याशी झटापट करायची. शेवटी एका सकाळी ती कवळी लॅबमध्ये घेऊन गेली आणि आईचा जुना दात आठवत, डोळे मिटून आठवत, तिनं त्या मोत्यासारख्या दाताला कानशीनं खाच पाडली. मोठ्या डॉक्टरांनी नेमकं ते बघितलं. चांगल्या कामाला दोष लावते आहेस, ते म्हणाले. ती म्हणाली, दोष नाही, ही माझी आई आहे. म्हाताऱ्यानं चष्मा चढवला, कवळी उजेडात धरून पुष्कळ वेळ फिरवली, आणि परत तिच्या हातात दिली. पण दुसऱ्या दिवसापासून ते पेशंटांना सांगायला लागले, की येताना हसतानाचा एखादा जुना फोटो आणा. तिथून ते काम सुरू झालं, ज्यासाठी पुढे लांबलांबून लोक येत. एका शिक्षकाच्या पुढच्या दातांत फट होती; ती परत आली तेव्हा त्याला त्याचा स परत मिळाला आणि त्यानं तिच्यासमोर बसून स, सा, सि म्हणून दाखवलं. एका बसकंडक्टरचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. आधीच्या सरळ कवळीला बिचकून त्याची नात जवळ येत नव्हती. तिनं ते दात पुन्हा एकमेकांवर चढवून दिले. बँडमधला एक म्हातारा कर्णेवाला तर कवळी बसल्यावर रस्त्यातच वाजवत गेला. वाकडे, झिजलेले, कडेला टवका उडालेले असे दात घडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सरळ दात कुणीही करील, ती मनात म्हणायची. आणि यंत्र तर सरळच करणार, एकाहून एक सरळ, सगळ्या गावाला एकच हसू वाटणार. शुक्रवारपासून जे छातीत टोचत होतं ते हे होतं, आणि ते तिला आत्ता, एका अनोळखी कवटीपुढे उभं राहिल्यावर, नीट कळलं. नोकरी जाईल याचं भय होतंच, पण नंतर आईची खाच कुणाला दोषच वाटेल, याचं त्याहून मोठं होतं.

आई केव्हा उठून शेजारी आली ते तिला कळलं नाही. आईनं काचेला नाक लावलं. काच धुरकटली, आईनं ती बाहीनं पुसली, पुन्हा नाक लावलं. पाटी तिला वाचता येत नव्हती, अक्षर बारीक होतं.

"ही शिवायची," आई म्हणाली.

दाराशी स्टुलावर बसलेली पहारेकरीण उठून आली आणि काचेला टेकू नका म्हणाली. आई टेकायची थांबली, पण तिथून हलली नाही. मग तिनं असं काही केलं, की लेकीला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आईनं तोंडात बोट घातलं, वरची कवळी काढली, रुमालानं पुसली आणि कवटीच्या शेजारी काचेसमोर धरली. मागे एक कुटुंब थबकलं. दातांशिवाय आईचे शब्द मऊ पडत, पण त्यांत काडीचा संकोच नव्हता. बघा ही खाच, ती पहारेकरणीला म्हणाली, हिचीही आणि माझीही. माझी पडून गेली होती, माझ्या लेकीनं नवी करून दिली. ही माझी लेक. दात घडवते.

पहारेकरणीनं आधी कवळी बघितली, मग कवटी, मग पुन्हा कवळी. कमरेवरचा हात खाली आला. ती वाकली आणि तिनंही, नियम विसरून, काचेला कपाळ टेकलं.

"अगदी तश्शीच आहे की," ती म्हणाली. "हिला बिचारीला कुणी करून दिली नसेल."

ते वाक्य तिच्या आत कुठंतरी खोल जाऊन बसलं. हजारो वर्षं मध्ये होती, आणि त्या बाईचा दात झिजत झिजत एक दिवस पडला असता तर तिचा टक् कायमचा गेला असता. पलीकडे खेळणाऱ्या तिच्या पोराला आई कुठाय ते कळलं नसतं. आपल्या आईचा मात्र गेला नाही. तो आपण परत आणला, या हातांनी. लाज कुठल्या कुठं पळाली. मागचं कुटुंब अजून बघत होतं, त्यांतल्या बाईनं तोंडाला पदर लावला होता, आणि तिला एकाएकी वाटलं, बघा, खुशाल बघा. अभिमान हा शब्द तिनं स्वतःसाठी कधी वापरला नव्हता, तो लेकीच्या परीक्षांसाठी राखून ठेवलेला होता. आता तो आपल्याच अंगावर बेतून शिवल्यासारखा नीट बसला. तिनं आईच्या हातातून कवळी घेतली आणि पहारेकरणीला खाच जवळून दिसावी म्हणून दिव्याखाली स्वतः धरली.

परतताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती, दात परत जागेवर. लेकीनं तिला छोट्या डॉक्टरचं सगळं सांगितलं, यंत्र, निरोप, काचेचं कपाट. आई बाहेर बघत ऐकत होती. काचेत जायला आधी मरावं लागतं, ती म्हणाली, तुझं ते अजून व्हायचंय. आणि थोड्या वेळानं, जणू वेगळाच विषय, म्हणाली, की पायाचं शिलाई मशीन पहिल्यांदा दुकानात आणलं तेव्हा मी दोन दिवस त्याला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी त्याला माझ्या टाक्याची सवय लावली.

सोमवारी सकाळी ती निघताना आईनं तिच्या हातात रुमालाची छोटी पुरचुंडी ठेवली. आत कवळी होती, घासून लख्ख केलेली. मी दिवसभर दूध पिईन, आई बोळक्या तोंडानं म्हणाली, संध्याकाळी मात्र आण.

लॅबमध्ये सगळे यंत्राभोवती जमले. वेष्टन काढलेलं होतं, पांढऱ्या धातूचा थंड वास येत होता. एकानं पोहायला शिकणार म्हणून सांगितलं, एकीनं घर घेणार म्हणून. पॉलिशवाल्यानं सिगारेट सोडली, आणि लोकांनी दर वर्षीसारख्या टाळ्या वाजवल्या. मग सगळे तिच्याकडे वळले. छोट्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर तोच आदर होता, आणि निरोपाचं भाषण तो मनात जुळवतोय हे तिला स्पष्ट दिसलं. तिनं रुमालाची पुरचुंडी पुढे घेतली.

"मी या यंत्रावर बसणार," ती म्हणाली, "आणि त्याला वाकडे दात शिकवणार."

एक वाक्य ठरलं होतं, तेवढंच ती बोलली, आणि पुरचुंडी सोडून कवळी टेबलावर ठेवली. छोटा डॉक्टर जरा गोंधळला, मग हसला. ही आजींची, त्यानं ओळखलं. वडिलांनी त्याला तिची गोष्ट सांगितली होती. करून तर बघू, म्हणत त्यानं कवळी यंत्राच्या तबकडीवर बसवली आणि पडद्यापुढे बसला. तबकडी सावकाश फिरली, निळा उजेड दातांवरून सरकत गेला, आणि पडद्यावर आईचे दात उगवले, राखाडी, प्रचंड, एकेक कंगोरा दिसेल असे. तिला आवडलं. तिनं आयुष्यात इतक्या जवळून ते पाहिले नव्हते. मग वरच्या डाव्या दातावर लाल ठिपका लुकलुकायला लागला आणि चौकट उमटली: दोष आढळला. दुरुस्त करायचा? खाली हो आणि नाही. छोट्या डॉक्टरचा हात आपोआप हो वर गेला.

"थांब रे," ती म्हणाली.

साहेब, तुम्ही, अहो, सगळं गळून पडलं होतं. दुधाचे दात पडणाऱ्या पोराला म्हणावं तसं तिनं म्हटलं होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. हात मागे घेतला. उठून उभा राहिला आणि खुर्ची पुढे केली, शुक्रवारसारखीच, पण या वेळी यंत्राकडे तोंड करून. ती बसली. माउस हातात घेतला, तो उंदरासारखा मुळीच पळाला नाही. अंगठ्यावरच्या टणक जागेनं तिनं माउस घट्ट धरला आणि नाही वर बोट दाबलं. लाल ठिपका गेला. खाच राहिली.

पुढचे दिवस सोपे नसणार, हे तिला तेव्हाच कळत होतं. दुपारपर्यंत तिनं दोनदा सगळं पुसून टाकलं आणि एकदा यंत्र बंद पाडलं. पॉलिशवाला जिन्यात उभा राहून सिगारेट ओढता ओढता म्हणाला, मेणबाई, निदान तुमचं तरी खरं होणार. ती उजेड असतानाच घरी आली. आई खिडकीशी बसली होती, मांडीवर निळं जाकीट. ते पुरं झालेलं होतं. दोन्ही बाह्यांना, कॉलरला, प्रत्येक बटणाखाली दोरे लोंबत होते, दिवसभराचे, न तोडलेले. कात्री हाताशीच होती. लेकीनं रुमाल पुढे केला. आईनं कवळी तोंडात सरकवली, जबडा एकदा डावीउजवीकडे हलवून जागेवर बसवली, जाकिटाची बाही उचलून तोंडाशी नेली, मान किंचित डावीकडे केली.

टक्.